देविदासची ॲम्ब्युलन्स

हैदराबादची पोस्टिंग आली तेव्हा माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. मी फौजेत गाड्यांचा मेकॅनिक. हुद्दा हवालदार. रायफल हातात आली ती वर्षाच्या ठरलेल्या फायरिंगला; बाकी सगळी नोकरी पाना, जॅक आणि ग्रीस यांच्यात गेली. नातेवाइकांना सीमेवरच्या गोष्टी ऐकायच्या असतात. मी फॅन बेल्टबद्दल सांगायला लागलो की ते चहाचं बघायला उठतात.

आता मी अंबरपेठेत राहतो. गाव नांदेड जिल्ह्यात, पण मुलगी इथेच दिली आणि रिटायर झाल्यावर आम्हीही इथेच थांबलो. गल्लीत मला 'फौजी काका' म्हणतात. उन्हाळा लागला की रविवारी सकाळी दारात एखादी तरी कार उभी असते. बहुतेक पुण्यामुंबईकडून आयटीत आलेली मंडळी. "काका, टेंपरेचरची लाइट लागतेय. गॅरेजवाला म्हणतो कूलंट टाका आणि चालवा." मी विचारतो, कधी लागते? उभ्या गाडीत की पळत्या? या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. हायवेला ठीक आणि सिग्नलला गरम, म्हणजे वारा मिळत नाही. पंखा बघा, रेडिएटर बघा. वेगात आणि चढावर गरम, म्हणजे पाणी फिरत नाही. पंप बघा, थर्मोस्टॅट बघा. पाणी रोज कमी होतंय आणि गाडीखाली थेंबही नाही, तर मग इंजिनच ते पितंय, हेडचं गॅस्केट गेलंय, खर्चाची तयारी ठेवा. एवढं ऐकून मंडळींचे चेहरे उतरतात. कार घेताना रंग कोणता यावर महिनाभर चर्चा करणारी ही माणसं बॉनेट कसं उघडायचं ते मला विचारतात. मी चिडतो, आणि मग बॉनेट उघडून देतो.

सगळ्यात शेवटी मी इंजिन चालू ठेवायला सांगतो, खिशातून रुमाल काढतो आणि तो रेडिएटरच्या तोंडाशी धरतो. पंखा आतून हवा ओढत असतो. रेडिएटर मोकळा असेल तर रुमाल जाळीला चिकटून राहतो. बुजलेला असेल तर खाली पडतो. रुमाल चिकटला की मी तो घडी घालून खिशात ठेवतो आणि जाळीकडे बघत उभा राहतो. मंडळींना वाटतं काका विचार करताहेत. मला नाईक देविदास हनवते आठवत असतो.

देविदास आमच्या युनिटचा ड्रायव्हर. तोही नांदेड जिल्ह्यातलाच, किनवटकडचा. पहिल्या भेटीत जयभीम केला आणि लगेच विचारलं, "उस्ताद, इथं ज्वारीची भाकर कुठं भेटते?" फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. मी ड्रायव्हरांचा आठवड्याचा क्लास घ्यायचो, म्हणून मी उस्ताद. क्लासमध्ये तो पुढच्या बाकावर बसायचा आणि मी सांगितलेलं माझ्याच आवाजात म्हणून दाखवायचा. टेंपरेचरची सुई लालमध्ये गेली की काय करायचं? देविदास उभा राहून, माझ्यासारखी मान तिरकी करून, सांगायचा: "गाडी बाजूला घ्या. बंद करा. झाकणाला हात लावू नका. पाणी लगेच ओतू नका. थंड होऊ द्या आधी." सगळा क्लास हसायचा. मीही हसायचो, कारण नक्कल अगदी बरोबर होती.

त्याच्याकडे युनिटची ॲम्ब्युलन्स होती. ती गाडी आमच्याकडे येण्याआधी थंड डोंगराळ भागात होती, म्हणून मागच्या केबिनमध्ये पेशंटसाठी हीटर बसवलेला. ए.सी. नव्हता. हैदराबादेत हीटरवाली ॲम्ब्युलन्स! तिच्यावर आम्ही भरपूर विनोद केले. देविदासला ते आवडायचे नाहीत. गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. सीटवर जुनी पांघरुणं धुऊन घालायचा, कप्प्यात लिंबं ठेवायचा. रंगकामात त्याचा हात फार चांगला होता. दोन्ही बाजूंचे लाल क्रॉस त्याने सुतळी धरून असे रंगवले होते की कोपऱ्यात कुठे थेंब ओघळलेला नव्हता. युनिटमधल्या पाट्या, गाड्यांचे नंबर, जयंतीला कमानीवरची अक्षरं, सगळं त्याच्याकडे यायचं. लान्स नाईक यादव त्याच्या जोडीचा ड्रायव्हर, तो म्हणायचा, याच्या हातून ब्रश काढून घेतला तर हा आजारी पडेल.

फौजेत इन्स्पेक्शन जवळ आलं की रंगाचे डबे उघडतात. ही आमची जुनी खोड आहे आणि ती कुठल्याही युनिटला चुकलेली नाही. झाडांच्या बुंध्यांना गेरू, रस्त्याकडेच्या दगडांना चुना, टायरला काळा, चाकांच्या नटांना लाल. इन्स्पेक्शनला येणारे साहेब इंजिन चालवून बघतातच असं नाही, पण रंग बघतात. त्या वर्षी इन्स्पेक्शन ऐन थंडीत होतं. मी मुलीच्या लग्नासाठी रजेवर होतो. परत आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. देविदासच्या ॲम्ब्युलन्सचं खास कौतुक झालं होतं. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला होता. तो मला गाडीभोवती एक फेरी मारायला घेऊन गेला.

"बगा की उस्ताद. अशी गाडी दाखवा अख्ख्या कॅम्पात."

"नवरीलाही एवढं सजवलं नव्हतं आमच्याकडे," मी म्हणालो. त्यावर तो दिवसभर खूश होता.

थंडीत त्या गाडीला काम थोडं होतं. कॅम्पातून हॉस्पिटल, हॉस्पिटलमधून कॅम्प. मोकळा रस्ता, थंड हवा. सुई कधी निम्म्याच्या वर गेली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी युनिटची धावण्याची परीक्षा लागली. पूर्ण सामान पाठीवर, हातात रायफल, ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर. ड्रायव्हर असो की स्वयंपाकी, सगळ्यांना ती द्यावी लागते. देविदासचं हवालदारीचं नाव पुढे गेलं होतं. ही परीक्षा पास झाल्याशिवाय फीत मिळणार नव्हती. शहराच्या पूर्वेला, वस्ती संपल्यावर जी मोकळी जागा आहे तिथे आम्ही पहाटे पोचलो. देविदास धावणार होता म्हणून ॲम्ब्युलन्स यादवकडे. शेजारच्या सीटवर मी, गाडीचा मेकॅनिक म्हणून. मागे नर्सिंग असिस्टंट कुरियन, केरळचा, कमी बोलणारा हवालदार.

धावायला जाण्याआधी देविदास यादवच्या खिडकीशी आला. "क्लच हल्लू सोड," त्याने बजावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उस्ताद, याच्यावर नजर ठेवा. गाडीचे हाल करतो हा."

त्या दिवशी हवा पहाटेपासूनच जड होती. अंगाला वारा लागत नव्हता. सुरू व्हायला उशीर झाला, आणि शेवटची तुकडी येईपर्यंत ऊन चांगलंच चढलं. देविदास शेवटच्या तुकडीत होता. शेवटच्या वळणावर मी त्याला पाहिलं. तो सरळ धावत नव्हता. लाइन ओलांडली, वेळेत ओलांडली, आणि दोन पावलांवर गुडघ्यांवर बसला. आम्हाला वाटलं दम लागला. मग तो आडवा झाला.

कुरियन धावला. त्याने कपाळाला हात लावला आणि लगेच शर्ट फाडायला घेतला. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. थर्मामीटर पाहून कुरियनने तो मला न दाखवता खिशात टाकला. "हीट स्ट्रोक," तो म्हणाला. "पानी. जितना है सब." जागेवर होतं तेवढं पाणी त्याच्यावर ओतलं. सलाइन लावलं. युनिटचे सुभेदारसाहेब टोपीने वारा घालत होते. थोडा फरक पडल्यासारखं वाटलं आणि तेवढ्यात देविदासला आकडी आली. कुरियन म्हणाला, आता थांबायचं नाही, मिलिटरी हॉस्पिटल. एक भरलेला जेरीकॅन आणि चादरी आत टाकून आम्ही निघालो.

मोकळ्या रस्त्यावर गाडी छान पळाली. खिडक्या उघड्या होत्या. मागे कुरियन चादर भिजवत होता, अंगावर टाकत होता, पुन्हा भिजवत होता. मी दर मिनिटाला मागे बघत होतो. पुढे शहर लागलं. नेहमीचा रस्ता कामासाठी बंद होता आणि सगळी वाहतूक अंबरपेठेकडे वळवली होती. आम्ही वळलो. बाजाराच्या आधीच गाडी थांबली. पुढे बस, बाजूला ट्रक, मागे रिक्षांची रांग. सायरन चालू होता. ट्रॅफिकचा पोलीस भर उन्हात उभा राहून "जरगंडी, जरगंडी" म्हणत लोकांना सरकायला सांगत होता, पण सरकायला कुणालाच जागा नव्हती.

मी डॅशबोर्डकडे पाहिलं. सुई निम्म्याच्या वर होती. माझ्या देखत ती आणखी वर चढली.

"उस्ताद," यादव म्हणाला.

"दिख रहा है."

तापलेलं इंजिन थोडा वेळ तरी निभावून न्यायचा एक उपाय प्रत्येक मेकॅनिकला माहीत असतो. हीटर पूर्ण सोडायचा. हीटर म्हणजे दुसरं काही नाही, इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटर. तो सोडला की इंजिनची बरीच उष्णता केबिनमध्ये येते. माणसं घामाघूम होतात, पण इंजिन वाचतं. मी क्लासमध्ये हे किती वेळा शिकवलं होतं. हात आपोआप त्या बटणाकडे गेला. बटणाला बोट लागलं आणि मग लक्षात आलं की ही हवा मागे जाते. पेशंटच्या अंगावर.

मी हात काढून घेतला. यादवने ते पाहिलं.

सुई लालमध्ये गेली. बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मी खाली उतरून बॉनेट उघडलं. यादव फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे निघाला, त्याच्या हातावर मी चापट मारली. त्या वेळी झाकण काढलं असतं तर उकळतं पाणी त्याच्या तोंडावर आलं असतं. मग मी माझं काम सुरू केलं. हातांना ते येतं, डोकं जागेवर नसलं तरी येतं. बेल्ट घट्ट होता. पंखा फिरत होता. रेडिएटरचा वरचा रबरी होज गरम. खालचा होजही तेवढाच गरम. म्हणजे पाणी फिरत होतं, पंप ठीक होता, थर्मोस्टॅट उघडला होता. पाणी रेडिएटरमधून जात होतं आणि जसं गेलं तसंच गरम परत येत होतं. राहिला वारा. मी रुमाल काढला आणि रेडिएटरच्या तोंडाशी धरला.

रुमाल खाली पडला.

उचलून पुन्हा धरला. पुन्हा पडला. मी वाकून जाळीच्या आत बॅटरी मारली. रेडिएटरच्या पातळ पात्यांमधल्या ज्या फटींतून हवा जायला हवी, त्या दिसतच नव्हत्या. समोर सरळ काळी पाटी. जाड इनॅमल रंग, दोन हात मारलेला, आणि त्याच्यावर तेव्हापासूनची सगळी धूळ चिकटलेली. जिथे धूळ नव्हती तिथे रंग अजून चमकत होता.

"इसको पेंट किसने किया?"

यादवने उत्तर द्यायच्या आधी मागच्या दाराकडे पाहिलं. "उसीने, उस्ताद. इन्स्पेक्शन के पहले सूबेदार साहब ने टॉर्च मारी थी. बोले, अंदर जंग दिखता है. तो उसने बारीक ब्रश लेके पूरा काला कर दिया. दो बार."

मला त्या वेळी कुणाचाही राग आला नाही. राग यायला कुणीतरी दोषी सापडावा लागतो. सुभेदारसाहेबांनी सांगितलं ते प्रत्येक युनिटात कुणीतरी सांगतो. देविदासने केलं ते त्याने मन लावून केलं. माझ्या पेटीत पाने होते, होज होते, बेल्ट होता, क्लिपा होत्या. वाळलेला रंग पात्यांच्या फटींतून काढायला रिमूव्हर लागतो, पाण्याचा जोर लागतो आणि निम्मा दिवस लागतो. मी नखाने खरवडून पाहिलं. एक फट मोकळी झाली. नखाएवढी. त्यापुढे शेकडो होत्या. त्या रस्त्यावर उभा राहून मला पहिल्यांदा माझी विद्या कुचकामी वाटली. काय बिघडलंय ते पुरतं कळलं होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

यादव मागून जेरीकॅन घेऊन आला. "रेडिएटर पे बाहर से डालें, उस्ताद? थोड़ा तो चलेगी."

केबिनमधून कुरियनचा आवाज आला. "पानी किधर ले गया? पानी इधर."

जेरीकॅनमध्ये निम्म्याहून कमी पाणी होतं. दोघेही माझ्याकडे बघत होते. गाडीवर ओतलं तर कदाचित आम्ही चौकापर्यंत पोचलो असतो. कदाचित नाही.

"पीछे दे," मी म्हणालो. "सारा."

मी रेडिओवर बोललो. "कंट्रोल, ॲम्ब्युलन्स. गाडी खडी है. अंबरपेठ, बाजार के पहले. दूसरी गाडी भेजो. ओवर."

"ॲम्ब्युलन्स, कंट्रोल. दूसरी गाडी निकल रही है. पेशंट कैसा है? ओवर."

"जल्दी भेजो. ओवर."

दुसरी गाडी याच कोंडीत येऊन उभी राहणार हे मला आणि कंट्रोललाही ठाऊक होतं. लोकांनी फोन करून बाहेरची ॲम्ब्युलन्स बोलावली, तिचाही सायरन मागे कुठेतरी ऐकू येत होता आणि जवळ येत नव्हता. इंजिन तोवर ठोकायला लागलं होतं. डिझेल इंजिन फार तापलं की असा आवाज येतो, ड्रायव्हरच्या कानाला तो लगेच कळतो. मी मागच्या दारातून आत चढलो. देविदासने डोळे उघडले होते. ते माझ्यावर नव्हते, छतावर होते.

"उस्ताद."

"बोल देविदास. इथंच आहे मी."

"गाडी तापली. बाजूला घ्या." जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. मान किंचित तिरकी. "बंद करा. हेड जाईल."

"यादव, बंद कर," मी ओरडलो. इंजिन बंद झालं. "केली बंद, बाबा."

"झाकणाला हात लावू नका."

"नाही लावत."

"पाणी ओतू नका लगेच." कुरियन त्याच्या छातीवर शेवटचं पाणी ओतत होता. "थंड होऊ द्या आधी."

माझाच क्लास, माझ्याच आवाजात. मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. कुरियनने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे.

बाहेर कुणीतरी दार ठोकलं. रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं दुकान होतं, त्याचा मालक. पुढे आमची ओळख वाढली. त्यांना सगळे गौसभाई म्हणतात.

"क्या हुआ मियाँ?"

"लू लगी है. गाडी बंद."

त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि परत पळाले. आले ते गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन. दुकानाच्या पायरीवर आपटून फोडली. कुरियनने तुकडे काखेत, मानेला, जांघेत लावले. गौसभाईंनी शेजारच्या ट्रॉली ऑटोवाल्याला हाक मारली, त्यातल्या कोबीच्या गोण्या लोकांनी रस्त्यावर उतरवल्या. "हल्लू उतारो, हल्लू. सर सँभालो," ते म्हणत होते. मी खिशात हात घालायला लागलो तर ओरडले, "नक्को साब, कायकू शर्मिंदा करते? पहले बच्चे कू लेके जाओ." देविदास बत्तीस वर्षांचा होता. गौसभाईंना तो बच्चा वाटला.

ट्रॉली ऑटो गल्लीबोळांतून निघाली. मी देविदासचं डोकं मांडीवर घेतलं होतं, कुरियन सलाइनची बाटली उंच धरून उभा. नल्लकुंट्याजवळच्या एका नर्सिंग होममध्ये त्यांनी लगेच आत घेतलं. दुपारी मिलिटरी हॉस्पिटलच्या गाडीने त्याला तिकडे हलवलं. ताप उतरला. आता निभावलं असं आम्हाला वाटलं. पण आतलं एकेक काम बंद पडत गेलं, आधी मूत्रपिंडं, मग यकृत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देविदास गेला.

डॉक्टर मला म्हणाले, लवकर आणला असता तरी काही सांगता आलं नसतं. लोकांची इंजिनं बसतात तेव्हा मीही त्यांना हेच सांगतो. त्या वाक्याचा उपयोग काय असतो हे मला माहीत आहे.

चौकशी बसली. गाडी का थांबली याचं तांत्रिक उत्तर मला द्यायचं होतं. ते मी दिलं. रेडिएटरला रंग, हवा बंद, इंजिन तापलं.

"पेंट किसने किया?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"यूनिट ने, साहब."

"मैं नाम पूछ रहा हूँ."

"यूनिट ने, साहब."

भिंतीशी उभे असलेले सुभेदारसाहेब जमिनीकडे बघत होते. मेजरसाहेबांनी पुढचा प्रश्न विचारला. त्या आठवड्यात सगळ्या गाड्यांचे रेडिएटर उतरवून धुतले. सातांवर तसाच काळा रंग निघाला. मी आणि यादव सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच काम करत होतो.

देविदासची बायको सुनंदा गावी परत गेली नाही. मुलाची शाळा इथे होती. तिने नल्लकुंट्यात खोली घेतली आणि एका शाळेत नोकरी धरली. मला ती दादा म्हणते. गाडी बंद पडल्याने उशीर झाला एवढं तिला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या स्मृतिदिनाआधी तिने मला थेट विचारलं, "दादा, गाडी कशानं बंद पडली हो?"

इंजिन का तापलं हे सांगायला मी कधी कुणापुढे अडलो नव्हतो. त्या दिवशी अडलो.

"उन्हानं," मी म्हणालो. "त्या दिवशी ऊन फार होतं."

तिला ते पटलं असावं. निदान तिने पुढे विचारलं नाही.

स्मृतिदिनाला मी आणि माझी बायको गेलो. छोटी खोली, समोर टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, मोगरा. बुद्धवंदना झाली. फोटोवरचा पडदा सुनंदाने बाजूला केला. तिने तो फोटो मोठा करून फ्रेम करून आणला होता. वर्दीतला असेल असं मला वाटलं होतं. वर्दीतला नव्हता. बनियनवर, हातात बारीक ब्रश, गालाला काळा रंग लागलेला, देविदास तोंडभर हसत ॲम्ब्युलन्ससमोर उभा होता. मागे बॉनेट उघडं.

"इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी फोनवर पाठवला होता मला," ती म्हणाली. "एवढे खूश कुठल्याच फोटोत नाहीत. म्हणून हाच लावला."

"चांगला आहे," मी म्हणालो.

ती फोटोच्या जवळ गेली. "दादा, ही मागं काळी जाळी चमकते, ती कशाची?"

"रेडिएटर म्हणतात त्याला. इंजिनचं पाणी थंड करतो."

"ती पण त्यांनीच रंगवली?"

"हो."

"आतलं कोण बघणार होतं? तरी रंगवलं." तिने पदराने डोळे टिपले आणि थोडं हसली. "कुठं कसर ठेवायची सवयच नव्हती त्यांना."

"नव्हती," मी म्हणालो.

तेव्हापासून दर वर्षी मी तिथे जातो. कुरियन केरळहून फोन करतो, यादव जमेल तेव्हा येतो. वाटेत गौसभाई रसाचा ग्लास हातात देतात आणि आपणहून विचारतात, "आज है ना वो बच्चे का दिन?" मी हौ म्हणतो. नल्लकुंट्यात पोचलो की फोटोसमोर उभा राहतो. नजर चेहऱ्यावर ठेवायची असं ठरवून गेलेलो असतो, पण ती मागे जाते. काचेवर बारीक धूळ बसलेली असते. मी खिशातला रुमाल काढून ती पुसतो, तो काळा रंग पुन्हा चमकायला लागतो, आणि मग मी फुलं वाहतो.